बल्गेरियन बायकांचं कोरस गाणं नेमकं आहे तरी काय

बल्गेरियातल्या बायकांचं कोरस गाणं पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनात साधारण दोन गोष्टी येतात. एक म्हणजे हे काहीतरी फार फार जुनं, डोंगरातलं असणार, आणि दुसरी म्हणजे या सगळ्याजणी एवढ्या ताकदीने गातायत, पण सूर मधेच एकमेकांना घासल्यासारखे का लागतायत? दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. कारण बल्गेरियन कोरस या एका नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी ऐकत असतो. एक, गावातल्या तीन-चार बायकांचं शेतात, अंगणात, सणाला चालणारं गाणं, जे खरोखर जुनं आहे. आणि दुसरी, १९५० नंतर राजधानी सोफियामध्ये सरकारने उभं केलेलं, कंडक्टरकडे बघत, लिहून बसवलेल्या स्वरांवर गायलं जाणारं मोठ्या कोरसचं गाणं, ज्याचं वय अजून शंभरसुद्धा नाही. जगात गाजलं ते दुसरं, पण त्यात जीव आला तो पहिल्यातून. ही दोन वेगळी ओळखता आली की ऐकण्यातली मजा खूप वाढते असं माझं ठाम मत आहे, म्हणून आधी गाव आणि मग कोरस असंच सांगतो.

सोफियाच्या आजूबाजूच्या पश्चिम भागाला शोप्लुक म्हणतात आणि तिथल्या लोकांना शोप. त्याच्या खाली नैऋत्येला पिरिन पर्वताचा भाग. एकापेक्षा जास्त सुरांत गायची गावातली परंपरा मुख्यतः या दोन पट्ट्यांत आहे, बाकी बल्गेरियात गावगाणं बहुतांशी एकसुरीच, म्हणजे सगळ्यांनी एकच चाल गायची. हे लक्षात ठेवा कारण पुढे ते महत्त्वाचं आहे.

आता शोप्लुकातल्या तीन बायका कशा गातात ते जवळून बघू. एकजण चाल उचलते, तिच्या कामाला तिथे हाक मारणं, ओरडणं अशा अर्थाचा शब्द वापरतात, आणि ते शब्दशः खरं वाटावं इतका तिचा आवाज मोकळा असतो. बाकीच्या दोघी खाली एक सूर धरून ठेवतात, आपल्या भाषेत सांगायचं तर त्या सा धरतात. पण नुसतं आकारात नाही हं, त्या गाण्याचे शब्द तिच्याबरोबरच म्हणत असतात, फक्त त्यांचा सूर हलत नाही. वरची चाल फार लांब जातच नाही. सा, रे, कोमल ग, क्वचित म, आणि कधीकधी सा च्या खाली उतरून कोमल नी ला शिवून येते. एवढ्याशा जागेत सगळं गाणं. चाल एवढीशी असल्यामुळे ती धरलेल्या सुराच्या सतत शेजारी असते, आणि बराच वेळ दोन आवाज सा आणि रे वर एकाच वेळी उभे असतात, पूर्ण ताकदीने, हलायची अजिबात घाई नसते.

इथेच आपला कान दचकतो. आपण तानपुऱ्यावर सा ऐकत त्याच्यावर रे लावतो, पण दोन माणसांनी तेवढ्याच जोराने सा आणि रे धरून उभं राहायचं हे आपल्याकडे होत नाही, आणि पाश्चात्त्य क्लासिकलमध्ये तर असे शेजारचे दोन सूर एकत्र आले की तो ताण समजतात आणि तो सोडवून गोड सुरावर यायचं असतं. शोप बायकांना त्याच्यात ताण वाटत नाही, त्यांच्यासाठी तीच मुक्कामाची जागा.

यामागचं विज्ञान सोपं आहे. दोन जवळजवळचे सूर एकत्र वाजले की त्यांच्या लहरी कधी एकमेकींना जोर देतात कधी एकमेकींना मारतात, त्यामुळे आवाज लहान-मोठा होत राहतो, आणि सेकंदाला किती वेळा होतो, तर दोघांच्या फ्रिक्वेन्सीत जेवढा फरक तेवढ्या वेळा. समजा सा ३०० हर्ट्झला आहे, तर शुद्ध रे साधारण ३३७ वर येतो, म्हणजे सेकंदाला ३७ वेळा. एवढ्या वेगात कान वेगवेगळे ठोके मोजू शकत नाही, त्याला एक सलग खरखर, थरथर जाणवते. आणि या बायका पुष्कळदा शुद्ध रे च्या थोडं खाली, कोमल आणि शुद्धच्या मधे कुठेतरी थांबतात, तिथे फरक २५-३० वर येतो आणि थरथर आणखी दाट होते. म्हणजे पियानोच्या पट्ट्यांमध्ये न सापडणारी जागा आहे ती. या गायिका स्वतः सांगतात की आवाज घंटेसारखा वाजला पाहिजे, आणि खऱ्या घंटेत हेच चाललेलं असतं, एका ठोक्यात एकमेकांना न जुळणारे कितीतरी सूर वाजतात आणि त्यांच्या घासण्यातून तो घणघणाट तयार होतो. तेव्हा बेसूर म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की सूर सुटला की ही थरथर लगेच बिघडते, ती एकसारखी ठेवायला दोघींनाही आपापल्या जागेवर अगदी पक्कं राहावं लागतं.

सोफियाच्या जवळच, वितोशा डोंगराच्या पायथ्याशी बिस्त्रित्सा नावाचं गाव आहे. तिथल्या आज्यांचा गट यासाठी प्रसिद्ध आहे. त्यांच्या गाण्यात वर एक-दोन आवाज चाल चालवतात, त्यातल्या एकीचा आवाज मुद्दाम वाकडा घुमवायचा असतो, आणि बाकीच्या खालचा सूर दुप्पट-तिप्पट करून धरतात म्हणजे तो भरीव वाटावा. गाणं चालू असताना हाताला हात किंवा कमरेला हात घालून साखळीचा नाच, ज्याला होरो म्हणतात, तोही चालू असतो. २००५ मध्ये युनेस्कोने या परंपरेची दखल घेतली आणि २००८ मध्ये ती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. पुढे २०२१ मध्ये पिरिनकडच्या दोलेन आणि सातोव्चा या गावांचं उंच पट्टीतलं बहुसुरी गाणंही त्या यादीत गेलं.

आवाज लावायची पद्धत हा वेगळाच विषय आहे आणि माझ्या मते या गाण्याची अर्धी ओळख तिथेच आहे. ऑपेराची गायिका वरच्या सुरांना आवाज डोक्यात नेते, गोलाई देते, कंप देते. या बायका छातीचाच आवाज वर नेतात, सरळ, कंप जवळपास नाही, आणि तो पुढे दातांशी आणून सोडतात. यावर फिजिक्सवाल्यांनी मोजमापंही केली आहेत. कुठल्याही सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीचे सूर आपोआप येतात, आणि या गायिका तोंड-घशाचा आकार असा ठेवतात की त्यातला दुप्पटवाला सूर सगळ्यात जास्त उचलला जातो. कान त्या भागात मूळ सुरापेक्षा जास्त तिखट असतो, त्यामुळे तेवढ्याच श्वासात आवाज जास्त मोठा, जास्त धारदार ऐकू येतो. कापणीच्या वेळी एका शेतातून पलीकडच्या शेतापर्यंत आवाज पोचवायचा, तोही माईकशिवाय आणि दिवसभर वाकून काम करत, तर असा आवाज कमावणं गरजेचंच होतं. त्याच्यात मग दागिने येतात, घशातून सूर हलवून तोडणं, आणि ओळीच्या शेवटी अचानक वर उडवलेली एक छोटी किंचाळी, "ई" किंवा "इह्यू" सारखी. पहिल्यांदा ऐकताना ती चूक वाटते, पण ती बसवलेली असते.

गायच्या वेळाही ठरलेल्या होत्या. ईस्टरच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी, लाझारच्या दिवशी, लग्नाच्या वयाला आलेल्या मुली नटूनथटून घरोघरी फिरायच्या, प्रत्येक घरातल्या माणसाला बघून त्याला साजेसं गाणं म्हणायच्या आणि बदल्यात अंडी मिळायची. गावासमोर मुलगी मोठी झाली हे सांगायचा तो दिवस. हिवाळ्यात सेद्यांका, म्हणजे संध्याकाळी मुलींनी एका घरी जमून सूत कातायचं, भरतकाम करायचं, मुलगे तिथे यायचे, आणि गाण्यातून कोणाची जोडी कोणाशी हे चिडवलं जायचं. उन्हाळ्यात कापणीची गाणी. बऱ्याच ठिकाणी दोन गट असायचे, पहिला एक ओळ म्हणणार आणि दुसरा तीच ओळ परत म्हणणार, त्यामुळे एका गटाला दम घ्यायला वेळ मिळायचा आणि नाच थांबायचा नाही. बहुसुरी गाणं मुख्यतः बायकांचंच, तेसुद्धा वर्षानुवर्षं एकत्र गाणाऱ्या बायकांचं, कारण शेजारचा आवाज ओळखीचा असल्याशिवाय ती थरथर जमत नाही.

बाकीचे भाग वेगळे. दक्षिणेला रोडोपी पर्वतात गाणं संथ, लांब, पाच सुरांच्या चालींचं, पुरुषही तितकेच गातात आणि साथीला काबा गायदा असते, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची मोठी, खर्जातली पिशवी-बासरी. इथल्या एका गाण्याची गोष्ट सांगायलाच हवी. १९६८ मध्ये मार्टिन कोनिग आणि एथेल रेम हे दोन अमेरिकन लोक रेकॉर्डिंग करत फिरत होते, त्यांनी स्मोल्यानमध्ये वाल्या बाल्कान्स्का या तरुण गायिकेचं "इझलेल ए देल्यो हायदुतिन" रेकॉर्ड केलं, दोन काबा गायदांच्या साथीने. देल्यो हा ऑटोमन, म्हणजे तुर्की राजवटीच्या काळातला रोडोपीतला बंडखोर. गाण्यात तो गावातल्या अधिकाऱ्यांना बजावतो की या गावात माझ्या दोन मावश्या आहेत, त्यांना जबरदस्तीने तुर्क करू नका, कारण मी परत आलो तर पुष्कळ आया रडतील आणि त्याहून जास्त नव्या नवऱ्या रडतील. साधी बंधनमुक्त लय, एक आवाज, खाली दोन गायदांचा न हलणारा सूर. हे गाणं १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी रेकॉर्डवर गेलं. त्या रेकॉर्डवर जगभरातल्या संगीताचे २७ तुकडे आहेत आणि त्याच २७ मध्ये गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी "जात कहाँ हो" आहे. म्हणजे रोडोपीची वाल्या आणि आपली केसरबाई एकाच तबकडीवर, सूर्यमालेच्या बाहेर. दोघींच्या आवाजात ती छातीतून येणारी, कुठेही न लाजणारी ताकद आहे, एकापाठोपाठ एक ऐकून बघा.

लयीबद्दल आपल्या लोकांना फार समजवावं लागत नाही. युरोपातल्या इतर लोकांना बल्गेरियन ताल अवघड वाटतात कारण त्यांना दोन, तीन, चारची सवय. बल्गेरियात छोटा ठोका दोनचा आणि मोठा ठोका तीनचा, आणि त्यांची सरमिसळ करून ताल बनतो. पायदुश्को नावाचा नाच म्हणजे दोन-तीन, पाच मात्रा. राचेनित्सा दोन-दोन-तीन, सात मात्रा. कोपानित्सा दोन-दोन-तीन-दोन-दोन, अकरा. आणि लेस्नोतो तीन-दोन-दोन, जो विभागणीने सरळसरळ आपला रूपक ताल आहे. फरक वेगात आहे, आपल्याकडे मात्रा मोजता येते, त्यांच्याकडे राचेनित्सा एवढी पळते की नाचणारा सात मोजत नाही, तो फक्त "लहान, लहान, मोठा" अशी पावलं टाकतो. हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक यांना याचं वेडच लागलं होतं, त्यांनी १९३८ मध्ये यावर लेख लिहिला आणि पियानोसाठी बल्गेरियन तालातले सहा नाच रचले.

आता सोफियाकडे येऊ. १९४४ नंतर बल्गेरियात कम्युनिस्ट राजवट आली आणि सोव्हिएत धर्तीवर प्रत्येक देशाने आपल्या लोककलेचा एक भव्य सरकारी संच उभा करायचा अशी पद्धत सुरू झाली, रशियात पियातनित्स्की कोरस हा त्याचा नमुना. बल्गेरियात हे काम आलं फिलिप कुतेव यांच्याकडे. जन्म १९०३, गाव आयतोस, सोफियात शिकलेले संगीतकार, मिलिटरी बँडचे मास्तर म्हणून नोकरी केलेली. १९५१ मध्ये त्यांनी लोकगीत आणि नृत्याचा सरकारी संच स्थापन केला. त्यांच्याआधी वासिल स्तोइन यांच्यासारख्या माणसांनी १९२० च्या दशकात गावोगाव फिरून हजारो गाणी लिहून ठेवली होती, त्यामुळे कच्चा माल तयार होता. पण कुतेवनी जे केलं ते मला खूप हुशारीचं वाटतं. त्यांनी कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे संगीत महाविद्यालयात शिकलेल्या गायिका घेतल्या नाहीत. ते आणि त्यांची पत्नी मारिया यांनी गावांतल्या मुली निवडल्या, ज्यांना स्वरलेखन वाचता येत नव्हतं पण आवाज गावचाच होता, घसा गावचाच होता. त्यांना कानाने एकेक भाग शिकवला. आणि त्यांच्यासाठी जी मांडणी लिहिली त्यात पाश्चात्त्य कोरसची चार भागांची चौकट घेतली, पण शोप्लुकातला धरलेला सूर आणि शेजारच्या सुरांची घासण तशीच ठेवली. म्हणजे दक्षिणेकडच्या थ्रेस भागातलं एकसुरी गाणं घ्यायचं, मेलडी जशीच्या तशी ठेवायची, आणि त्याच्याखाली असा साज चढवायचा की ऐकणाऱ्याला वाटावं हे आधीपासून असंच गायलं जायचं.

त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध काम म्हणजे "पोलेग्नाला ए तोदोरा". गाणं एवढंसं आहे. तोदोरा ऑलिव्हच्या झाडाखाली झोपली, वारा आला, एक डहाळी मोडली आणि तिला जाग आली. ती वाऱ्यावर भयंकर चिडते, अरे आत्ताच वाहायचं होतं का तुला, किती गोड स्वप्न बघत होते मी, माझं पहिलं प्रेम आलं होतं, हातात रंगीबेरंगी फुलांचा गुच्छ आणि गुच्छावर सोन्याची अंगठी. बस. पूर्ण कोरस हे गातो आणि तरी ते एकाच मुलीचं भांडण वाटतं, कारण सगळ्यांचा उच्चार, सगळ्यांचा श्वास एका ठिकाणी सुटतो. आवाज एकमेकांत विरघळवून मऊ करायचा आणि मग त्याला कोरस म्हणायचं हा चर्चमधल्या कोरसचा नियम इथे मोडलाय, इथे प्रत्येक आवाज वेगळा धारदार राहतो आणि सगळ्या धारा एका रेषेत येतात.

१९५२ मध्ये गेओर्गी बोयाजिएव यांनी सोफिया रेडिओवर बायकांचा असाच एक गट सुरू केला, आणि जगाला जो आवाज माहिती आहे तो मुख्यतः याच गटाचा. रेडिओसाठी काम करणारे संगीतकार कुतेवच्या पुढे गेले. क्रासिमिर क्युर्कचीस्की, पेतर ल्योंदेव, इव्हान स्पासोव्ह, निकोलाय काउफमान, यांनी घासणीचे थर वाढवले. क्युर्कचीस्कींचं "कालिमांकू देंकू" ऐका, यांका रुपकिना सोलो गाते, तिचा आवाज लयीच्या बंधनाशिवाय वळणं घेत जातो, आणि खाली कोरस हळूहळू रंग बदलतो. हे आधुनिक संगीत आहे, विसाव्या शतकातलं, शिकलेल्या माणसांनी लिहिलेलं. वरची चाल मात्र स्त्रांजा भागातली, काळ्या समुद्राजवळच्या डोंगरांमधली.

मग या गाण्याला लोक "गूढ" वगैरे म्हणतात ते कुठून आलं? मार्सेल सेलिए नावाचे स्वित्झर्लंडचे संगीत अभ्यासक होते, त्यांनी बरीच वर्षं या भागातली रेकॉर्डिंग्ज जमवली, त्यात सोफिया रेडिओच्या संग्रहातलीही होती, आणि १९७५ मध्ये स्वतःच्या छोट्या लेबलवर "ल मिस्तेर दे व्वा बुल्गार", म्हणजे बल्गेरियन आवाजांचं गूढ, अशा फ्रेंच नावाची रेकॉर्ड काढली. त्या वेळी फार गाजावाजा झाला नाही. दहा वर्षांनी बाउहाउस बँडच्या पीटर मर्फीकडून एक कॅसेट फोरएडी या ब्रिटिश लेबलच्या आयव्हो वॉट्स-रसेल यांच्या हाती लागली, ते वेडे झाले, त्यांनी १९८६ मध्ये ती परत काढली, आणि अंधारलेलं रॉक ऐकणाऱ्या तरुण मुलांनी ती डोक्यावर घेतली. पुढचा भाग आला आणि १९९० मध्ये त्याला पारंपरिक लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं. कोरसने नंतर तेच फ्रेंच नाव स्वतःचं म्हणून घेतलं. मला त्या नावाबद्दल थोडी तक्रार आहे, कारण एकदा गूढ म्हटलं की माणसं विचारायचं थांबतात, आणि मग यांका रुपकिना, नादका काराजोवा, स्तेफका साबोतिनोवा अशा एकेका कमावलेल्या गळ्याचं श्रेय "बल्गेरियन आवाज" नावाच्या धुक्यात जातं.

त्रिओ बुल्गार्का हे याचं चांगलं उदाहरण आहे. यांका रुपकिना स्त्रांजाची, ईवा जॉर्जिएवा ईशान्येकडच्या दोब्रुजाची, स्तोयांका बोनेवा पिरिनची. तीन भाग, तीन ढंग, जुन्या काळच्या गावात या तिघी एकत्र गाण्याची शक्यताच नव्हती. रेडिओने त्यांना एका खोलीत आणलं, आणि तिथे त्यांनी जे केलं ते गावचंही आहे आणि नवीनही. ब्रिटिश पॉप गायिका केट बुशने त्यांना ऐकलं, ती सोफियाला गेली, एकमेकींची भाषा येत नसताना काम केलं, आणि १९८९ आणि १९९३ च्या तिच्या अल्बममध्ये त्यांचे आवाज आहेत. पॉपच्या रेकॉर्डवर नुसता मसाला म्हणून टाकलेले ते आवाज नाहीत, गाणं त्यांच्यासाठी मोकळं ठेवलंय, हे ऐकलं की कळतं.

सरकारी स्टेजची किंमतही मोजावी लागली, तीही सांगितली पाहिजे. गावात दहा-पंधरा मिनिटं चालणारी कथागीतं रेडिओच्या वेळेत बसवण्यासाठी छाटली गेली. कोमल आणि शुद्धच्या मधल्या त्या जागा बऱ्याचदा पियानोच्या पट्टीकडे सरकल्या. लाझारची, नाताळची गाणी स्टेजवर आली पण त्यांचा धार्मिक संदर्भ बाजूला ठेवून. आणि सगळ्यात वाईट गोष्ट, ज्या राजवटीने हा कोरस जगाला दाखवला तिनेच स्वतःच्या देशातल्या तुर्की आणि रोमा लोकांचं संगीत दाबलं. १९८४-८५ च्या हिवाळ्यात तुर्की अल्पसंख्याकांची नावं सक्तीने बदलली गेली, झुर्ना हे सनईसारखं वाद्य वाजवण्यावर बंदी आली, लग्नात वाजवणाऱ्या इव्हो पापाझोव्ह यांच्यासारख्या क्लॅरिनेट वादकाला तुरुंगात टाकलं गेलं, आणि १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून जास्त लोक देश सोडून तुर्कस्तानात गेले. म्हणजे लंडन-न्यूयॉर्कमध्ये लोक डोळे मिटून बल्गेरियन आवाज ऐकत होते त्याच वर्षांत. यात गाणाऱ्या बायकांचा दोष नाही, पण "शुद्ध बल्गेरियन" म्हणून काय दाखवायचं हे कोण ठरवत होतं ते माहिती असावं.

१९८९ च्या शेवटी राजवट गेली आणि सरकारी पैसाही आटला. कोरसांना परदेश दौरे करून जगावं लागलं, नवे गट निघाले. एंजेलिते या गटाने १९९६ मध्ये रशियातल्या तुवाच्या हुन-हुर-तु या घशातून दोन सूर काढणाऱ्या गायकांबरोबर रेकॉर्ड केली, आणि जुना रेडिओ कोरस, दोरा ह्रिस्तोवा यांच्या हाताखाली, २०१८ मध्ये डेड कॅन डान्स बँडच्या लिसा जेरार्डबरोबर नवा अल्बम घेऊन आला. बाहेरच्या देशांत तर बल्गेरियाशी काही नातं नसलेल्या बायका हे शिकतायत, अमेरिकेत येल विद्यापीठातला स्लाव्हिक कोरस १९६९ पासून आणि ओकलंडचा कित्का गट १९७९ पासून चालू आहे.

देशात शिकण्याची सोयही आहे. कोतेल आणि शिरोका लाका इथे लोककलेच्या शाळा आहेत, प्लोवदिवमध्ये वरचं शिक्षण आहे. तिथून निघालेल्या मुली एकदम तयार असतात, स्वरलेखन वाचतात, कुठल्याही भागाचा ढंग गाऊ शकतात. पण तीच गोष्ट मला काळजीचीही वाटते, कारण सगळ्यांना सगळं येतं तेव्हा प्रत्येक खोऱ्याचा वेगळा वाकडेपणा हळूहळू सरळ होतो. म्हणून कोप्रिवश्तित्सा महत्त्वाचं. १८७६ चा ऑटोमनविरोधी उठाव जिथून सुरू झाला ते हे डोंगरातलं गाव, आणि १९६५ पासून साधारण दर पाच वर्षांनी इथे गावोगावचे हौशी गट येऊन कुरणात उभारलेल्या स्टेजांवर गातात, त्यात सरकारी कोरसला जागा नाही, आज्या, नाती, शेतकरी, गुराखी असेच लोक. युनेस्कोने २०१६ मध्ये या उत्सवाला वारसा जपण्याचं चांगलं उदाहरण म्हणून नोंदवलं. बिस्त्रित्सामध्येही आज्यांच्या शेजारी लहान मुलींचे गट उभे केलेत.

ऐकायला सुरुवात करायची तर मी बिस्त्रित्सापासून करा म्हणेन, नीट आवाज मोठा करून, आणि वरच्या चालीकडे लक्ष न देता फक्त खालचा सूर धरून बसा, पाचेक मिनिटांनी घासण त्रास द्यायची थांबते. मग वाल्या बाल्कान्स्का, एकटा आवाज म्हणजे काय ते कळायला. मग "पोलेग्नाला ए तोदोरा" आणि शेवटी "कालिमांकू देंकू", तोपर्यंत कोरसमधला कुठला भाग गावचा आणि कुठला सोफियाचा हे तुमचं तुम्हालाच ऐकू यायला लागेल. आणि घरात गाणारं कोणी असेल तर करूनही बघा, एकाने सा धरा, दुसऱ्याने छातीच्या आवाजात, कंप न देता रे. सुरुवातीला रे वाला घसरून सा वर येतो किंवा ग कडे पळतो, कारण कानाला तिथे थांबायची भीती वाटते. न पळता एक पूर्ण श्वास थांबलात तर ती थरथर कानापेक्षा दातांत आणि गालाच्या हाडांत जास्त जाणवते, आणि ती आली की समजा दोघं बरोबर जागी आहात.